शिस्त फोनची आणि अर्जाचीही

'रोज दहा फोन केले की धंदा येतोच' हे विमा एजंटांच्या या चर्चेतलं म्हणणं मला अर्धंच पटलं. आयुर्विम्यात शिस्तीचा कस लागतो तो अर्ज भरताना. मधुमेह, तंबाखू, आधीच्या पॉलिसी या रकान्यांत एजंटच घाईघाईने 'नाही' लिहून मोकळा होतो, कारण 'हो' म्हटलं की तपासण्या लागतात, हप्ता वाढू शकतो आणि मार्चअखेरचं टार्गेट हुकतं. विमा कायद्याच्या कलम 45 प्रमाणे पहिली 3 वर्षं कंपनी माहिती लपवल्याच्या कारणावरून पॉलिसी नाकारू शकते. बंद पडलेली पॉलिसी पुन्हा चालू केली तर ती 3 वर्षं नव्याने मोजतात. भोगायला लागतं ग्राहकाच्या घरच्यांना. म्हणून प्रत्येक प्रश्न ग्राहकाला मराठीत वाचून दाखवायचा, तो सांगेल तेच लिहायचं आणि भरलेल्या अर्जाची प्रत त्याला द्यायची. वीसेक मिनिटांचं काम आहे.

रिबेटबद्दल मात्र इथे कुणी बोललंच नाही. कमिशनमधून पहिल्या हप्त्याचे पैसे परत देणं कलम 41 खाली बेकायदा आहे, दंड 10 लाखांपर्यंत. शिवाय सवलतीसाठी आलेला ग्राहक दुसऱ्या वर्षी बहुधा गायब होतो आणि 13व्या महिन्याची पर्सिस्टन्सी, म्हणजे वर्षानंतरही हप्ते भरून चालू राहिलेल्या पॉलिसींचं प्रमाण, घसरते. पॉलिसी हातात पडली की आठवड्याभरात भेटून 30 दिवसांच्या फ्री लूक मुदतीबद्दल, म्हणजे पॉलिसी पटली नाही तर परत करायच्या मुदतीबद्दल, आपणच सांगावं. ज्याला नकोच आहे त्याने तेव्हाच परत केलेली बरी, कमिशन गेलं तरी.