मदत हवी आहे: वडिलांच्या ब्रायर पाईपांची पावसाळ्यातली निगा आणि दांडीला गेलेला तडा

नमस्कार. मी गडचिरोली जिल्ह्यात, वडसा ते कुरखेडा रस्त्यालगतच्या एका गावात राहतो. मी स्वतः तंबाखू ओढत नाही, त्यामुळे या विषयातले शब्द माझ्याकडून चुकीचे वापरले गेले तर सांभाळून घ्यावे. वडील वनविभागातून निवृत्त झाले आहेत आणि त्यांच्या नोकरीची बरीच वर्षे आलापल्लीकडे सागवानाच्या डेपोवर गेली. तिथल्या एका वरिष्ठांनी निरोप घेताना दिलेले ब्रायर लाकडाचे दोन पाईप त्यांनी जिवापाड जपले आहेत आणि रोज संध्याकाळी जेवणाआधी ते त्यांपैकी एक ओढतात. डॉक्टरांशी त्यांचे याबाबत जे बोलणे व्हायचे ते होतच असते. हा धागा त्यासाठी नाही.

अडचण अशी आहे की या पावसाळ्यात दोन्ही पाईप एकामागून एक बिघडले. पहिल्या पाईपची तोंडात धरायची काळी नळी वडिलांनी ओढून झाल्या झाल्या, पाईप गरम असतानाच, साफ करण्यासाठी पिळून काढली, तेव्हा बारीक आवाज झाला आणि नळी जिथे लाकडी दांडीत शिरते तिथून साधारण एक सेंटिमीटर लांबीचा केसासारखा तडा गेला. तेव्हापासून तो पाईप बाजूला आहे आणि दुसरा रोज, कधी दिवसातून दोनदाही, वापरला जातो. त्यातून आता ओढताना हुक्क्यासारखी गुडगुड ऐकू येते, चव कडू झाल्याची वडिलांची तक्रार आहे आणि वाटीच्या, म्हणजे तंबाखू भरतात त्या भागाच्या, आत काजळीचा थर इतका चढला आहे की माझी करंगळीसुद्धा आत जात नाही. मध्ये चार दिवस आम्ही लग्नासाठी ब्रह्मपुरीला गेलो होतो. परत आल्यावर वाटीच्या तळाशी राहिलेल्या ओल्या तंबाखूवर पांढरी बुरशी दिसली.

वडिलांची साफसफाईची पद्धत म्हणजे खराट्याची काडी, आणि तिने भागले नाही तर सायकलचा आरा. माझ्या आजोबांकडे मातीची चिलीम होती. ती फार किटली की आजी चुलीतल्या निखाऱ्यांत ठेवून लाल करायची आणि गार झाल्यावर चिलीम नव्यासारखी व्हायची, ही आठवण वडील मला वारंवार सांगतात. "चिलमीचे कोणी लाड केले नाही, याचेच काहून एवढे लाड?" असा त्यांचा सवाल आहे आणि त्याला पटेल असे उत्तर माझ्याजवळ नाही.

मी शोध घेतला तेव्हा बहुतेक ठिकाणी व्होडका किंवा रमने पाईप आतून पुसण्याचा सल्ला मिळाला. आमच्या जिल्ह्यात १९९३पासून दारूबंदी आहे, त्यामुळे तो सल्ला आमच्या उपयोगाचा नाही. शेजारच्यांनी मोहाच्या दारूचे नाव काढले. ती इथे कायद्याने मिळत नाही हे एक, आणि तिच्या वासाने पाईप कायमचा बाद होईल अशी मला शंका आहे. वाटीत मीठ भरून त्यावर स्पिरिट सोडण्याची एक पद्धतही वाचनात आली, पण ती या जुन्या पाईपवर करावी की नाही हे ठरवता येत नाही. वडिलांचा विचार लाकडाला आतून-बाहेरून जवसाचे तेल चोळण्याचा आहे, कारण डेपोतल्या कुऱ्हाडींच्या दांड्यांना ते तेच लावत असत. पाईपला दोन वापरांमध्ये किती विश्रांती द्यावी, आमच्याकडच्या श्रावणातल्या दमट हवेत ती वाढवावी का, हा थर कसा काढावा आणि तडा गेलेला पाईप वाचेल का, एवढे कोणी अनुभवाने सांगितले तर उपकार होतील.

प्रतिसाद, यवतमाळ जिल्ह्यातून

आपल्या वडिलांनी उभा जन्म लाकडात काढला आहे, तेव्हा त्यांना लाकडाच्याच भाषेत सांगावे असे मी सुचवतो. ब्रायर म्हणजे भूमध्य समुद्राच्या काठी वाढणाऱ्या एरिका आर्बोरिया या झुडपाची, खोड आणि मूळ यांच्यामधली गाठ. ती कापून तासन्‌तास उकळतात, मग महिनोन्‌महिने सावलीत सुकवतात आणि त्यानंतरच तिचा पाईप होतो. म्हणजे सागाच्या ओंडक्याला जे पथ्य, तेच या गाठीला आहे. तंबाखू कितीही कोरडी असली तरी ती जळताना पाण्याची वाफ होते, ती वाफ गार दांडीत पाणी होऊन साचते आणि लाकूड ते पिते. हे पाणी बाहेर पडायच्या आत पुन्हा आग घातली, की आतला भाग तापून पसरतो, बाहेरचा ओला आणि गार राहतो आणि लाकूड फाटते. घाईने उन्हात टाकलेला ओला ओंडका टोकाकडून का तडकतो, हे वडिलांना आपल्यापेक्षा चांगले ठाऊक असेल. मातीची चिलीम भट्टीतूनच निघालेली असते, म्हणून निखाऱ्यात तिचे काही बिघडत नाही. हा पाईप निखाऱ्यात ठेवला तर त्याचे सरपण होईल.

म्हणून एका वापरानंतर किमान चोवीस तास विश्रांती द्यावी आणि पावसाळ्यात दोन दिवस. एकच पाईप रोज वापरायचा असेल तर हे जमणार नाही, त्यामुळे पाईपांची संख्या वाढवण्याला पर्याय नाही. ब्रायर महाग पडत असेल तर मक्याच्या कणसाचा पाईप मागवावा. अमेरिकेत मिसुरी राज्यातल्या वॉशिंग्टन गावी १८६९पासून असे पाईप तयार होतात आणि पावसाळ्यापुरते ते उत्तम आहेत. आपल्या शेतातल्या कणसाचा पाईप करून पाहण्याचा मोह मात्र आवरावा. मी केला होता. त्या पाईपांसाठी जाड बुरकुंडाचा, म्हणजे दाणे काढल्यावर उरणाऱ्या गाभ्याचा, वेगळा वाण लावतात आणि बुरकुंडे दोन वर्षे सुकवतात. माझा पाईप तिसऱ्या झुरक्याला तळातून जळाला.

ओढून झाल्यावर राख आणि उरलेली ओली तंबाखू लगेच काढावी, पण वाटी ओट्यावर किंवा बुटाच्या टाचेवर आपटू नये, कारण दांडी बहुतेक तशीच मोडते. नंतर नळी न काढता तिच्यातून पाईप क्लीनर, म्हणजे सुती केसांची मऊ तार, वाटीपर्यंत घालावी आणि ओढून घ्यावी. ती ओली निघाली तर दुसरी घालावी आणि रात्रभर आतच राहू द्यावी. सायकलच्या आऱ्याने दांडीचे भोक आतून ओरबाडले जाते, तो कायमचा बंद करावा. नळी काढायची ती पाईप पूर्ण गार झाल्यावर, म्हणजे शक्यतो दुसऱ्या दिवशी सकाळी, आणि तीही सरळ न ओढता एकाच दिशेने हलके फिरवत.

काजळीचा थर पूर्ण खरवडू नये, कारण थोडा थर लाकडाला आगीपासून वाचवतो. दीड मिलिमीटर, म्हणजे रुपयाच्या नाण्याएवढी जाडी पुरे. त्याहून जाड थर तापल्यावर लाकडाच्या प्रमाणात पसरत नाही आणि वाटीच्या भिंतींवर आतून दाब देतो. किती वाट्या याने उभ्या फुटल्या आहेत! टोकदार चाकू वापरू नये, तळाचे छिद्र त्याने मोठे होते. बोटाभोवती बारीक पॉलिशपेपर गुंडाळून, दोन-तीन दिवसांत थोडा थोडा करत थर उतरवावा. करंगळी जात नसेल तर पेपर एका गोल लाकडी काडीला गुंडाळावा.

मिठाच्या भानगडीत पडू नये. मीठ ओल धरते, दांडीत शिरले तर लाकूड फुगवून तडा पाडते आणि आपला एक पाईप आधीच तडकलेला आहे. आपल्या विदर्भात कापसाला तोटा नाही. वाटीत सैल कापूस भरावा, त्यावर ड्रॉपरने आयसोप्रोपिल अल्कोहोल सोडावे, रात्रभर ठेवावे आणि कापूस तपकिरी झाला की काढून टाकावा. हीच क्रिया पुन्हा एकदा करावी. मोबाइल दुरुस्तीवाल्यांकडे हे द्रव्य असते, वडशाला नक्की मिळेल. सॅनिटायझर चालणार नाही, कारण त्यात सुगंध आणि चिकट पदार्थ असतात. पाईपच्या बाहेरच्या पॉलिशवर थेंब पडू देऊ नये आणि नंतर आठवडाभर पाईप सावलीत उघडा ठेवावा, कारण हे द्रव्य भडकन पेटते.

जवसाच्या तेलाबद्दल वडिलांना आदरपूर्वक नाही म्हणावे. ते हवेत घट्ट होणारे तेल आहे; कुऱ्हाडीच्या दांड्यावर तो गुण, वाटीच्या आत तोच दोष. त्या तेलाच्या चिंध्यांचा बोळा कोपऱ्यात पडला तर आपोआप पेटू शकतो, हेही घरात सर्वांना सांगून ठेवावे.

प्रतिसाद, भंडाऱ्याहून

वरील सर्व मान्य आहे, फक्त दोन गोष्टींची भर घालतो. मेणाने चकाकी आणायची असेल तर आपल्या जंगलातल्या मोहोळाचे मेण लावू नये, कारण ते ६२ ते ६४ अंशांना वितळते आणि गरम वाटी हाताला चिकटते. पाईप करणारे ८२ ते ८६ अंशांना वितळणारे कार्नौबा मेण याचसाठी वापरतात. काळी नळी एबोनाईटची असेल, म्हणजे जुन्या शाईच्या पेनांच्या जिभेचे असते तेच द्रव्य, तर ती उन्हात आणि उजेडात हिरवट पडते आणि तिला गंधकाचा वास येतो. म्हणून पाईप खिडकीत ठेवू नये.

तडा गेलेला पाईप वाचेल. तडा जिथे संपतो तिथे सुईएवढे छिद्र पाडले की तो पुढे सरकत नाही. मग फटीत पातळ सुपरग्लू सोडून दांडीच्या तोंडावर धातूची शेंबी चढवावी, काठीच्या टोकाला असते तशी. चांदीची शेंबी हा या दुखण्यावरचा जुना उपाय आहे आणि कोणताही सोनार ती करू शकतो. झाळ मात्र शेंबी पाईपवर चढवण्यापूर्वी, वेगळी लावून घ्यावी.

धागाकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. ओंडक्याचे उदाहरण वाचून दाखवले तेव्हा वडील बराच वेळ काही बोलले नाहीत आणि मग त्यांनी सीझनिंगवर, म्हणजे लाकूड सुकवण्यावर, मलाच अर्धा तास व्याख्यान दिले, त्यामुळे विश्रांतीचा मुद्दा निकालात निघाला असे मी समजतो. गुडगुड करणारा पाईप कापूस भरून ठेवला आहे. पहिल्या रात्रीचा कापूस चहाच्या चोथ्यासारखा निघाला. दरम्यान, मोबाइल भिजल्यावर ठेवतात तसा पाईप तांदळाच्या डब्यात ठेवण्याचा वडिलांचा प्रयत्न आईने हाणून पाडला आहे. सोनाराकडे तडकलेला पाईप नळीसकट द्यावा की नळी काढून, एवढे कळवावे.

प्रतिसाद, भंडाऱ्याहून

नळी काढून, पण सोबत द्यावी. शेंबी चढली की दांडीचे भोक किंचित आवळते, म्हणून नळी पुन्हा बसते की नाही हे सोनाराच्या दुकानातच पाहून घ्यावे. घट्ट वाटली तर जोर न लावता नळीच्या टोकाला पेन्सिलीचे शिसे चोळावे.