अल्झायमरच्या संदर्भात ‘क्रियाशीलता’ म्हणजे नेमके काय?

प्रश्न : ‘मेंदूच्या पेशींच्या क्रियाशीलतेमुळे अमायलॉइड वाढते’ असे वाक्य अल्झायमरविषयीच्या लेखांत आढळते, आणि त्याच लेखात पुढे ‘मेंदू क्रियाशील ठेवा’ असा सल्लाही असतो. यांतले कोणते खरे मानावे?

उत्तर : दोन्ही खरी असू शकतात. (अमायलॉइड म्हणजे अल्झायमरमध्ये मेंदूत साचणारे प्रथिनद्रव्य.) सल्ल्यातली क्रियाशीलता माणसाची आहे : वाचन, शिक्षण, लोकांत मिसळणे. पहिल्या वाक्यातली चेतापेशीची आहे, म्हणजे तिच्यातून विद्युत आवेग जाणे आणि सिनॅप्सपाशी, म्हणजे दोन चेतापेशींच्या सांध्यापाशी, चेतापारेषकाच्या (संदेश पोहोचवणाऱ्या रसायनाच्या) सूक्ष्म पिशव्या रिकाम्या होणे. पिशवी रिकामी होताना तिचे पटल पेशीच्या पटलात मिसळते आणि नंतर पेशी तेवढे पटल पुन्हा आत ओढून घेते. त्याबरोबर पटलात बसलेले एपीपी हे प्रथिनही आत जाते, तेथील आम्लधर्मी कप्प्यांत बीटा-सिक्रिटेज हे विकर त्याला एका जागी कापते, मग गॅमा-सिक्रिटेज दुसऱ्या जागी कापते, आणि बहुधा 40 किंवा 42 अमिनो आम्लांचा जो तुकडा सुटतो तो अमायलॉइड-बीटा होय. सेंट लुइस येथील वॉशिंग्टन विद्यापीठातील संशोधकांनी 2005 साली जिवंत उंदरांच्या मेंदूत दाखवले, की सिनॅप्सची सक्रियता वाढवली असता पेशींबाहेरच्या द्रवातील अमायलॉइड-बीटा वाढते आणि ती दाबली असता घटते.

म्हणून येथे ‘चेतापेशींची विद्युत-सक्रियता’ असे लिहावे. शब्द लांबतो, पण वाचकाची दिशाभूल टळते. ‘उत्तेजन’ मात्र नको, कारण त्यात बाहेरून चाळवल्याचा भाव आहे, आणि या पेशी माणूस स्वस्थ बसलेला असतानाही आपापसांत आवेग पाठवत असतात.

पुरवणी : ‘प्लाक’साठी, म्हणजे मेंदूत साचलेल्या अमायलॉइडसाठी, ‘थर’ हा शब्दही मला खटकतो. रक्तवाहिनीच्या भिंतीवर थर बसतो, दातांवर किटण चढते. अमायलॉइड मात्र पेशींच्या मधल्या जागेत सुटेसुटे गोळा होते, त्यामुळे ‘पुंजके’ हाच शब्द योग्य वाटतो.

उपप्रश्न : मग ‘सक्रियतेमुळे रोग होतो’ असे म्हणता येईल का?

उत्तर : नाही, ‘मुळे’ या अव्ययाने येथे फार मोठा दावा होतो. अमायलॉइड-बीटा निरोगी मेंदूतही तयार होते, आणि 2003 सालच्या प्रयोगांत तर असे दिसले, की सक्रियतेने वाढलेले हे द्रव्य उलट सिनॅप्सचे कार्य मंदावते, म्हणजे काही अंशी ते लगामाचे काम करत असावे. तयार होणे आणि निचरा होणे यांचा मेळ दीर्घकाळ बिघडला, तर पुंजके साचतात. पुढे उंदरांत पुंजक्यांलगतच्या काही पेशी अतिसक्रिय झालेल्या आढळल्या आहेत, आणि अल्झायमरशी निगडित असलेले टाउ हे दुसरे प्रथिनही सक्रियतेबरोबर पेशीबाहेर पडते. अशा वर्तुळाकार संबंधासाठी ‘सक्रियतेचा रोगाला हातभार लागतो’ ही रचना मी वापरेन.