तोरण : दारावरचं आणि रानातलं

प्रश्न : मे महिन्यात वेल्ह्याच्या बाजारात एक मावशी करवंदांशेजारी पांढरी फळं घेऊन बसल्या होत्या. "तोरणं हायती, गोड लागत्यात," म्हणाल्या. दाराला बांधतो त्या तोरणाशी या फळाचा काही संबंध आहे का? आणि तोरणा किल्ल्याचं नाव या दोहोंपैकी कशावरून आलं?

कोल्हापूरहून : दारावरचं तोरण संस्कृतातून आलेलं. मूळ अर्थ कमान, महाद्वार; सांचीच्या स्तूपाची तोरणं आठवा. आंब्याच्या पानांची माळ हा अर्थ पुढचा. रानातलं तोरण बोराच्या जातभाईंपैकी, शास्त्रीय नाव झिझिफस रुगोसा. वाकड्या काट्यांच्या आधाराने शेजारच्या झाडावर चढतं, आधार नसेल तर तिथेच पसरून जाळी करतं. पानाची खालची बाजू लवदार. फळ कच्चं असताना हिरवं, पिकलं की पांढरं. गर थोडाच आणि पिठूळ, आत एकच बी. आमच्याकडे करवंदाची जाळी म्हणतात तशी तोरणाचीही जाळीच.

गोव्याहून : आमच्याकडे याला चुन्नां म्हणतात. रंगावरून काही जण लगेच चुन्याशी नातं जोडतात, पण हिंदीत हेच चुरना आहे. मधला 'र' विसरून व्युत्पत्ती मांडू नये.

वेल्ह्याहून : किल्ल्याबद्दल सांगतो. 'महाराजांनी स्वराज्याचं तोरण बांधलं म्हणून तोरणा' असं पुष्कळ जण सांगतात. वाक्य सुंदर आहे, पण क्रम उलटा होतो. महाराजांनी गड घेतल्यावर त्याला प्रचंडगड हे नवं नाव दिलं, म्हणजे तोरणा हे नाव त्याआधीचं. गडावर तोरणाची झुडपं फार म्हणून तोरणा, ही इथे चालत आलेली समजूतच मला पटते. बोरगाव, चिंचवड, पिंपळगाव ही नावं अशीच पडली ना!

प्रश्नकर्ता : मग 'तोरणावर चढलो' म्हटलं तर?

वेल्ह्याहून : काटे टोचतील! गडावर जाता तेव्हा 'तोरण्यावर', कारण शब्द 'तोरणा' आहे. झुडपाचं किंवा दाराचं असेल तर 'तोरणावर'. अनेकवचन मात्र दोन्हींचं 'तोरणं'च. तिथे क्रियापद ऐकायचं : बांधली की वेचली.