मार्क फोर कार्प: जुनं वार्निश कसं काढावं?

इंग्लंडमध्ये १९५०च्या दशकातला मार्क फोर कार्प घेतलाय, म्हणजे कार्प मासे पकडायचा स्प्लिट केनचा (बांबूच्या सहा पट्ट्या चिकटवून केलेला) रॉड. १० फुटी, दोन तुकड्यांचा. वार्निश फुटलंय, फेरूल (दोन तुकडे जोडणारी धातूची नळी) टकटकतं, टोकाची अगेट रिंग (लाइन, म्हणजे गळाचा दोरा, जिच्यातून जातो ती अकीक दगडाची कडी) खरखरते. पेंट रिमूव्हर चालेल का?

— रिमूव्हर नको, हीट गन तर मुळीच नको. सहा पट्ट्यांचा जुना गोंद सुटतो. ब्लेड काटकोनात धरून लांबीच्या दिशेने हलकेच खरवडा. षटकोनाच्या कडा गोल करू नका, बांबूचे दणकट तंतू वरच्याच थरात असतात. नवं वार्निश अगदी पातळ, तीन हात. प्रत्येक हात पूर्ण वाळू द्या.

— रॉड हलवताना फेरूल आणि बांबूच्या सांध्यावर बोट ठेवा. ठोका तिथेच लागला तर आतला गोंद सुटलाय. पिन काढा, जुना गोंद साफ करा, सावकाश सुकणाऱ्या इपॉक्सीने बसवा. रिंगमधून कापूस फिरवा. तंतू अडकले की चीर आहेच. ती नायलॉनची लाइन कापणार, रिंग बदला.

— याचा टेस्ट कर्व्ह (टोक काटकोनात वाकवायला लागणारी ओढ) दीड पौंड, म्हणून पाचपटीच्या हिशोबाने साडेसात पौंड ताण सोसणारी लाइन. तुकडे सरळ ओढून सोडवा, पिरगाळून नाही. ओला रॉड पिशवीत कोंबू नका, आणि भिंतीला तिरका टेकवलात तर वाकलाच म्हणून समजा.