एकाच पेशीची वाढ मोजतात तरी कशी?

वारणेची_पोरगी
सांगलीत बीएस्सी करतेय, सेमिनारला साधी पेशी आणि कॅन्सरची पेशी यांची वाढ असा विषय घेतलाय. नोट्समध्ये सगळं फ्लास्कमधल्या लाखो पेशींचं, आज मोजल्या परवा मोजल्या आणि दुप्पट व्हायला किती तास लागले ते काढलं. पण एकटी पेशी किती वाढली हे कसं कळणार? आणि कॅन्सरची पेशी फास्ट वाढते हे खरंय का?

कृष्णाकाठ
फ्लास्कमध्ये तू मोजतेस ती संख्या, एकेका पेशीचं वजन वाढणं वेगळं. त्यासाठी अमेरिकेतल्या एमआयटीतल्या स्कॉट मॅनालिस यांच्या ग्रुपचं काम बघ, २००७ ला नेचरमध्ये आलंय. सिलिकॉनची अगदी बारीक पट्टी, एका टोकाला पकडलेली, सारखी थरथरणारी, आणि तिच्या आतूनच नळी काढलेली. नळीतल्या द्रवाबरोबर पेशी आत शिरली की पट्टी जड होते, थरथर किंचित मंदावते, त्यावरून वजन काढायचं. तेही द्रवात बुडालेल्या पेशीचं, म्हणजे आपला आर्किमिडीजच, आकडा पिकोग्रॅममध्ये, म्हणजे ग्रॅमच्या एक लाख कोटीव्या भागात. २०१६ ला त्यांनी अशा पट्ट्या ओळीनं लावल्या, तीच पेशी पुढे जाताना परत परत तोलली जाते आणि वाढीचा वेग मिळतो. फार सुंदर काम आहे, नक्की घे.

मिरज_लॅबवाली
अगं फास्टचं सरसकट खरं नाही. आतड्याचं अस्तर निरोगी माणसातही दर तीन ते पाच दिवसांनी नवं होतं, प्रोस्टेटचे बरेच कॅन्सर मात्र वर्षानुवर्षं हळूहळू वाढतात. केमोत केस जातात ते केसांच्या मुळातल्या निरोगी पेशीही भराभर विभागतात म्हणूनच. कॅन्सरच्या पेशीला थांबायचा निरोप पोचत नाही, खरा फरक तो. आम्ही लॅबमध्ये केआय-६७ नावाचं प्रथिन रंगवून बघतो, विभागणीच्या चक्रातल्या पेशींचं केंद्रक तपकिरी दिसतं, शंभरात किती तपकिरी तेवढे टक्के. त्यात वेग कळत नाही हं.

वारणेची_पोरगी
थँक्यू ताई! पण मग एकेक पेशी मोजायचा एवढा खटाटोप कशाला, सरासरी चालत नाही का?

कृष्णाकाठ
कारखान्यावर उसाची ट्रॉली काट्यावर घातली तर एकेका उसाचं वजन कळतं का? तसंच. औषध टाकल्यावर बहुतेक पेशींची वाढ मंदावते, सरासरी बघून वाटतं औषध लागू पडलं, पण त्यातल्या मोजक्या पेशी आरामात वाढत असतात आणि आजार उलटतो तो त्यांच्यामुळे. पेशंटच्या पेशींवर कुठलं औषध चालेल हे आधीच बघायला हे वापरता येईल का, यावर मॅनालिस यांच्या ग्रुपचं काम चालू आहे, मल्टिपल मायलोमा या रक्ताच्या कॅन्सरच्या पेशींवर करून बघितलंय.

मिरज_लॅबवाली
तळाला चिकटून वाढणाऱ्या पेशी मात्र या नळीत जात नाहीत, आधी सुट्या कराव्या लागतात. त्यांच्यासाठी प्रकाश वापरतात. पेशीतून जाताना प्रकाश थोडा मागे पडतो, किती मागे पडला त्यावरून पाणी सोडून उरलेलं वस्तुमान निघतं. सेमिनारला दोन्ही पद्धती घे.