सध्या काय ऐकताय?

प्रेषक: नाना (एडिसन)
शुक्रवार, रात्री ९:४०

मंडळी,

साडेचारला अंधार पडायला लागला की माझा एकच कार्यक्रम असतो. तळघरात जायचं, आरामखुर्ची ओढायची आणि गायक अमीर खाँसाहेबांचा मारवा राग लावायचा. एल.पी.च्या (मोठ्या तबकडीच्या) एका बाजूला मारवा आहे, दुसऱ्या बाजूला दरबारी. दरबारीला चांगली रात्र व्हावी लागते, आणि तोवर वरून जेवणाची हाक येते. त्यामुळे इतक्या वर्षांत दरबारीची बाजू जवळजवळ कोरीच राहिली.

त्यातली बंदिश 'पिया मोरे अनत देस गईलवा.' मी १९८७ साली इथे अमेरिकेत आलो. 'अनत देस', परका मुलुख, म्हणजे काय, ते पहिल्याच हिवाळ्यात कळलं. मारव्यात पंचम नाही, आणि षड्जावर खाँसाहेब आपल्याला टेकूच देत नाहीत. कोमल रिषभ आणि धैवत यांच्यामध्येच ताटकळत ठेवतात. दारापर्यंत आलोय आणि किल्ली सापडत नाहीये, तसं.

गाडीत ऐकायला म्हणून फार पूर्वी मी त्या एल.पी.ची कॅसेट करून घेतली होती. गेल्या आठवड्यात मुलाने ती संगणकावर उतरवून दिली. दुवा खाली देतोय. ऐका, आणि तुम्ही सध्या काय ऐकताय तेही लिहा. संक्रांतीच्या पार्किंगवरून चाललेली मेलामेली वाचून जीव विटला आहे.

नाना


प्रेषक: इंदूरकर (शार्लट)
शुक्रवार, रात्री ११:०५

खाँसाहेब इंदूरचे, हे मंडळाच्या या मेल-यादीवर दर वर्षी एकदा सांगणं माझं कर्तव्य आहे. सांगितलं.

मी सध्या मल्लिकार्जुन मन्सूरांच्या नादी लागलोय. ऑफिसला जायला पंचवीस मिनिटं लागतात आणि मन्सूरअण्णांचा राग तेवढ्यात पुरा होतो. नट बिहाग, 'झन झन झन झन पायल बाजे'. प्रस्तावना नाही, घसा साफ करणं नाही, पहिल्या आवर्तनापासून माणूस रागाच्या मधोमध उभा. शिवमत भैरव, खट, एकनिषाद बिहागडा असे राग असे काही गातात की जणू रोज सकाळी भाजी आणायला जाताना भेटतात. मिरजेला नीलकंठबुवांकडे ग्वाल्हेरची तालीम, मग मंजीखाँ, त्यांच्यानंतर भुर्जीखाँ. एवढं सगळं पोटात ठेवून गायला मात्र वीस मिनिटं. आमच्या मंडळात आभारप्रदर्शनाला याहून जास्त वेळ लागतो.


प्रेषक: माई (टोरांटो)
शनिवार, सकाळी ६:१५

नाना, दुवा उघडला बरं का माझ्या हातून. नातवाला उठवावं लागलं नाही.

मी मोगूबाई कुर्डीकर ऐकते. त्या गोव्यातल्या कुर्डीच्या, आमचं गावही सांगे तालुक्यातच. साळावलीचं धरण झालं आणि कुर्डी पाण्याखाली गेली. मे महिन्यात पाणी ओसरलं की गाव वर येतो, देऊळ दिसतं, भिंतींची जोती दिसतात, आणि जुनी माणसं तिथे जमतात. दोन-चार वर्षांमागे भाचीने तिथून फोनवर सगळं दाखवलं. चिखलाला भेगा पडलेल्या, आणि त्यात उभे राहून लोक एकमेकांना विचारतायत, तुमचं दार कुठल्या बाजूला होतं? तेव्हापासून बाईंचं गाणं लावलं की मला आधी त्या भेगा दिसतात. रागाचं नाव मागाहून आठवतं.

मारवा ऐकला. खाँसाहेब एवढे घाईत का रे?


प्रेषक: धाकटा तबलजी (बॉस्टन)
शनिवार, दुपारी १:२०

नानाकाका, रागावू नका, पण माईआजी बरोबर म्हणतायत.

मी ठेक्याला टाळी देत बसलो होतो. खाँसाहेबांचा झुमरा ताल म्हणजे दोन मात्रांच्या मध्ये चहा पिऊन परत यावं. या फाइलीत चहा ओतायलासुद्धा वेळ मिळत नाही. विलंबितात तबला असा टणटण बोलत नाही, आणि तानपुरा तर चक्क डासासारखा वाजतोय. म्हणून फोनवरच्या ट्यूनरने सूर पाहिला. नेटवर हीच तबकडी दुसऱ्या कुणीतरी चढवली आहे, तिच्याशी ताडून पाहिलं. तुमचे खाँसाहेब तीन पट्ट्या वर गातायत. तीनहून किंचित जास्तच.

कॅसेट कुठल्या यंत्रावरून केली होती?


प्रेषक: नाना (एडिसन)
शनिवार, दुपारी २:०२

बाळा, हे रेकॉर्डिंग मी तुझ्या जन्माच्या आधीपासून ऐकतोय. फोन काय सांगतो ते फोनपाशी.

यंत्र पुण्याहून आणलेलं आहे, मेहुण्याने जुन्या बाजारातून घेऊन दिलेलं. विमानात मांडीवर ठेवून आणलं. सोबत स्टेप-अप ट्रान्सफॉर्मरही आणला, त्यामुळे व्होल्टेजचा प्रश्नच येत नाही. सुई दोनदा बदलली, पट्टा त्याला नाहीच. आजही उत्तम फिरतं.


प्रेषक: लंडनवासी (पूर्वी पिस्कॅटवे)
शनिवार, रात्री ८:४५ (आमच्याकडे मध्यरात्र उलटली आहे)

मी मंडळ सोडून नऊ वर्षं झाली, यादीवरून कुणी काढलं नाही म्हणून आहे. पण या प्रश्नाला माझ्यासारखा विजेचा इंजिनिअर बरा.

नाना, ट्रान्सफॉर्मर व्होल्ट बदलतो. हर्ट्झ बदलत नाही. भारतात वीज ५० हर्ट्झची, अमेरिकेत ६०ची. तुमच्या यंत्राला पट्टा नाही, म्हणजे मोटर थेट रबरी चाकाला आणि चाक तबकडीच्या थाळीला. ही जुनी एसी मोटर विजेच्या हर्ट्झवर पळते. पुण्यात ती थाळी मिनिटाला ३३⅓ फेरे घेत होती, एडिसनला येऊन ४० घ्यायला लागली. बरोबर वीस टक्के जास्त. सूर आणि लय दोन्ही एकदम चढतात. पेटीच्या काळी एकमध्ये गाणारा माणूस पांढरी तीनच्याही जरा पुढे जातो, आणि बावीस मिनिटांची बाजू अठरा मिनिटं वीस सेकंदांत संपते.

कॅसेटची चूक नाही. तिची मोटर डीसी, तिला हर्ट्झशी देणंघेणं नसतं. जे ऐकलं ते तिने इमानदारीत उतरवून घेतलं.

उपाय सोपा आहे. ऑडॅसिटी या संगणकावरच्या प्रोग्रॅममध्ये फाइल उघडा, वेग बदलायच्या खिडकीत उणे १६.६६७ टक्के घाला. 'पिच' आणि 'टेम्पो' अशा वेगळ्या खिडक्या आहेत, त्यांना हात लावू नका. दोन्ही एकत्र उतरायला हवेत.


प्रेषक: इंदूरकर (शार्लट)
शनिवार, रात्री ९:१०

नाना, त्या कॅसेटच्या प्रती तुम्ही किती जणांना दिल्या होत्या हो? माझ्याकडे एक आहे. माझ्या लग्नात दिली होती.


प्रेषक: नाना (एडिसन)
रविवार, सायंकाळी ५:३०

मुलाने दुपारी दुरुस्त करून दिली. ऐकली.

लंडनवासी, तुमचं गणित बरोबर आहे. तबलजी, तुझा फोनही बरोबर आहे, मी शनिवारी जरा जास्त बोललो. प्रती बावीस-तेवीस दिल्या असतील. ज्यांच्याकडे आहेत त्यांनी माफ करावं.

आवाज केवढा खाली गेलाय! मंद्रात खाँसाहेब उतरतात तेव्हा खुर्चीचा हात थरथरतो. मारव्यातल्याच 'गुरु बिन ग्यान' या द्रुत बंदिशीतली तान पूर्वी कानावरून सुळकन जायची, ती आता एकेक पायरी मोजून दाखवते. हे खरं गाणं आहे, मला कळतंय. पण दहा मिनिटांनी मी ते बंद केलं आणि जुनी कॅसेट लावली. बर्फ काढून हात बधिर झालेले असायचे, टर्नपाइकवर गाड्या खोळंबलेल्या असायच्या, तेव्हा जो माणूस माझ्याशी बोलायचा त्याचा आवाज हाच, जरा कोवळा. मला आपलं वाटायचं, तरुणपणातलं रेकॉर्डिंग असणार. हा खालचा आवाज कुणा थोर गवयाचा आहे. माझी त्याची ओळख नाही.

सौ. म्हणते, दोन्ही ठेवा आणि जेवायला चला.


प्रेषक: माई (टोरांटो)
रविवार, रात्री ७:५०

नाना, त्यात माफी कसली मागतोस.

आमच्या घरी चावीचा फोनो होता. बाबांनी केसरबाई केरकरांची भैरवी आणली होती, 'जात कहां हो'. साडेतीन मिनिटांची तबकडी. चावी पुरी दिलेली नसली की शेवटाकडे स्प्रिंग सैल पडायची आणि बाईंचा आवाज हळूहळू बसायला लागायचा. केसरबाईंचा आवाज बसतोय म्हणजे काय, तर सगळं घर धावायचं! जो आधी पोचेल तो चावी द्यायचा, की बाई पुन्हा उठून उभ्या. कधीकधी आम्ही पोरं मुद्दाम चावी अर्धीच द्यायचो.

आता नातवाने फोनवर तीच भैरवी स्वच्छ करून लावून दिली आहे. खरखर नाही, काही नाही. शेवट जवळ आला की मी अजून खुर्चीतून अर्धी उठते. आणि बाई सरळ गाऊन मोकळ्या होतात.


प्रेषक: धाकटा तबलजी (बॉस्टन)
रविवार, रात्री ८:३०

माईआजी, तुमच्याकडची तीच भैरवी व्हॉयेजरवर आहे, माहीत आहे ना? १९७७ साली नासाने दोन यानांवर सोन्याचा मुलामा दिलेली तबकडी बसवली, त्यात हिंदुस्थानी संगीतातलं एकच गाणं, 'जात कहां हो'. व्हॉयेजर १ निघालं ५ सप्टेंबरला. १६ सप्टेंबरला केसरबाई गेल्या.

आणि नानाकाका, हे खास तुमच्यासाठी. ती तबकडी मिनिटाला १६⅔ फेऱ्यांची आहे, म्हणजे एका फेरीला ३.६ सेकंद. पण परग्रहावर आपला सेकंद कुणाला ठाऊक? म्हणून वरच्या झाकणावर चित्र कोरून हायड्रोजनच्या अणूच्या मापात वेग सांगितला आहे. यान कुठेही जाऊन पडलं तरी बाई बरोबर सुरात वाजाव्यात म्हणून.


प्रेषक: नाना (एडिसन)
रविवार, रात्री ८:४१

परग्रहवासीयांना सांगितलं. मेहुण्याने मला सांगितलं नाही.


प्रेषक: लंडनवासी
रविवार, रात्री ८:५५

गंमत म्हणजे मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या जुन्या तबकड्यांचंही हेच आहे. थाळीवर रेघांची चकती ठेवून वर दिवा धरायचा, रेघा स्थिर दिसल्या की वेग जुळला. ६० हर्ट्झच्या दिव्याखाली ९२ रेघांची चकती, तिथे वेग येतो ७८.२६. ५० हर्ट्झला ७७ रेघांची, वेग ७७.९२. म्हणजे नेमका ७८ फेऱ्यांचा वेग दोन्हीकडे नाहीच! हा फरक कानाला कळण्यासारखा नाही, तो सोडा. त्याआधीच्या, भोंग्यासमोर गाऊन केलेल्या तबकड्यांचे वेग मात्र बरेच इकडेतिकडे असायचे. त्यामुळे अमुक बुवा कुठल्या पट्टीत गायचे यावर जुन्या तबकडीच्या भरवशावर पैज लावू नये.

मी काय ऐकतोय ते राहिलंच. अब्दुल करीम खाँसाहेबांची झिंझोटी, 'पिया बिन नहीं आवत चैन'. गदगला दुकानात लागलेली ही तबकडी ऐकून लहानगे भीमसेन वेडे झाले होते. तीन मिनिटांत एका मुलाला घराबाहेर काढलं त्या गाण्याने. ते दुकानातलं यंत्र कुठल्या वेगाने फिरत होतं, कोण जाणे.


प्रेषक: चिटणीस
सोमवार, सकाळी ९:००

नमस्कार. यादीवर मोठ्या फाइली जोडू नयेत, दुवे द्यावेत. काल कुणीतरी ८० एमबीचा मारवा दोनदा पाठवला आहे. संक्रांतीचं पार्किंग शाळेच्या मागच्या बाजूला आहे, पुढच्या नाही.

ता.क. माझ्याकडेही ती कॅसेट निघाली. दुरुस्त फाइलीचा दुवा पुन्हा पाठवाल का?


प्रेषक: माई (टोरांटो)
सोमवार, सकाळी ९:२५

नाना, आणखी एक. ह्यांनी केलेलं एक स्पूल (टेपचं रीळ) कपाटात आहे. आमच्या घरची बैठक, गाणारे बुवा गावातलेच, तुम्हाला कुणाला नाव माहीत नसेल. ते पुण्याच्या यंत्रावर लागेल का?


प्रेषक: नाना (एडिसन)
सोमवार, सकाळी ९:३३

माई, स्पूलला वेगळं यंत्र लागतं. ते शोधतो. मिळालं की आधी त्याच्या मागची पाटी वाचून दाखवतो, ५० की ६० ते. स्पूल टपालाने पाठवू नका. मार्चमध्ये मी मुलीकडे मिसिसागाला येतोय, तेव्हा स्वतः येऊन घेऊन जाईन.