काखेतील ग्रंथींसाठी गॅमा प्रोब: घरातील बाळाला धोका आहे का?

प्रश्न (राजारामपुरी, कोल्हापूर):
माझ्या आत्यांच्या स्तनाची शस्त्रक्रिया पुढील आठवड्यात येथेच व्हायची आहे. काखेतील सगळ्या ग्रंथी सरसकट न काढता, किरणोत्सर्गी औषध टोचून प्रोबच्या (किरण मोजणाऱ्या उपकरणाच्या) साहाय्याने मोजक्याच काढून तपासू, असे सर्जननी सांगितले. घरात सात महिन्यांची नात आहे. तिला धोका आहे का? आणि प्रोबला कर्करोग दिसतो तरी कसा?

उत्तर १ (न्यूक्लियर मेडिसिन तंत्रज्ञ):
प्रोबला कर्करोग दिसत नाही. औषध कुठे पोहोचले एवढेच त्याला कळते. टेक्नेशियम-९९एम हे किरणोत्सर्गी द्रव्य जोडलेले अतिसूक्ष्म कण स्तनात टोचले, की ते लसिकेबरोबर (ऊतींमधून ग्रंथींकडे वाहणाऱ्या द्रवाबरोबर) वाहत काखेतील पहिल्या एक-दोन ग्रंथींत अडकतात, आणि कर्करोग त्या वाटेने पसरला असेल तर तोही बहुधा आधी तिथेच सापडतो. प्रोबच्या टोकाशी असलेल्या संवेदकाला बाजूंनी शिसे किंवा टंगस्टनचे आवरण असते, त्यामुळे समोरून येणारे १४० किलो-इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जेचे गॅमा किरणच प्रामुख्याने मोजले जातात. आकडा वाढतो तसा आवाजही वाढतो. सर्वाधिक आकड्याची ग्रंथी काढल्यावर, तिच्या दहा टक्क्यांहून अधिक मोजणी देणाऱ्या ग्रंथीही काढण्याचा प्रघात आहे. कर्करोग आहे की नाही, हे मात्र पॅथॉलॉजिस्टच सांगतात.

बाळाविषयी: थायरॉइडच्या कर्करोगासाठी आयोडीन-१३१ घेतलेल्या रुग्णाला काही दिवस वेगळे ठेवतात, आणि ती ऐकीव भीती इथेही चिकटते. त्या आयोडीनचा अर्धायुकाल (निम्मे उरायला लागणारा वेळ) सुमारे आठ दिवसांचा, टेक्नेशियमचा सहा तासांचा. म्हणजे चोवीस तासांनी सोळावा हिस्साच उरतो. शिवाय इथे मात्राही फार कमी असते. तरीही त्या दिवशी बाळाला कडेवर घेण्याबाबत औषध टोचणाऱ्या न्यूक्लियर मेडिसिन विभागालाच विचारावे.

उत्तर २ (शल्यचिकित्सक):
वरील उत्तराशी सहमत आहे. गाठ काखेलगत असली तर टोचल्या जागेचे किरण प्रोबला गोंधळात टाकतात. म्हणून त्याची दिशा बदलून पाहावी लागते, आणि जोडीला निळा रंगही वापरतात. या खटाटोपाचे कारण एकच: सगळ्या ग्रंथी काढल्यास हाताला कायमची सूज येण्याची शक्यता बरीच वाढते.

औषध फार काळ टिकत नसल्याने ते कुठे आणि किती वाजता टोचणार, हे आधी पक्के करा; शस्त्रक्रिया दोन दिवस लांबली तर ते पुन्हा टोचावे लागेल. ग्रंथीची तपासणी भूल उतरण्यापूर्वी फ्रोझन सेक्शनने (ग्रंथी गोठवून तिचे काप लगेच तपासून) होणार की अहवाल नंतर येणार, हेही विचारा. नंतर येणार असेल, तर ग्रंथीत कर्करोग निघाल्यास दुसऱ्या शस्त्रक्रियेची शक्यता आत्यांना आताच सांगितलेली बरी.